ऑगस्टमध्ये दिसलेला नर नोव्हेंबरमध्ये कुठे जातो?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ऑगस्टच्या संध्याकाळी सोयाबीनच्या शेतात चार-पाच नर हरणे गुण्यागोविंदाने चरताना दिसणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. अंगावर तांबूस केस, शिंगांवर मखमली आवरण, वागण्यात कसलीही घाई नाही. शेतकरी त्यांना दुर्बिणीतून पाहतो, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात त्यांचे फोटो टिपतो. कोणता नर कुठल्या झाडीतून बाहेर येतो, कुंपण कुठे ओलांडतो, हे त्याला पाठ होऊन जाते. नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. शेतकरी पहाटेच्या अंधारात त्याच शेताच्या कडेला मचाणावर जाऊन बसतो. उजाडते, ऊन वर येते, पण त्या पाचांपैकी एकही नर फिरकत नाही.

मग कारणांची चर्चा सुरू होते. यंदा थंडी उशिरा पडली, चंद्र चुकीच्या वेळी पूर्ण झाला, लांडग्यांनी हरणे पळवून लावली. यातली बरीचशी कारणे चुकीची आहेत, आणि खरी हकीकत त्यांच्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. हरणाच्या शरीरातले मोठे बदल आकाशातल्या प्रकाशावर ठरतात. हरीण एखाद्या दिवशी नेमके कुठे असेल, हे अन्न, वारा, बर्फ आणि माणसाची चाहूल ठरवते. अनेक शिकाऱ्यांची फसगत होते ती या दोन गोष्टींची सरमिसळ केल्याने.

हे हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचे. धोका जाणवला की ते शेपूट उभारते आणि तिची खालची पांढरीशुभ्र बाजू झेंड्यासारखी दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत जेमतेम पाच लाख व्हाइटटेल उरले असावेत, असा अंदाज आहे. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दरवाजे बंद केले. अमेरिकेने दुसरी वाट धरली: शिकारीचे हंगाम आखून दिले, परवाने सक्तीचे केले आणि 1937 च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरच्या कराचे पैसे वन्यजीवांच्या कामाला लावले. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये त्या नऊ दिवसांत साडेपाच लाखांच्या आसपास शिकारी रानात उतरतात. हरणाचे वर्ष समजून घेणे तिथे छंदापुरते उरत नाही. सरकारी धोरणही त्यावरच आखले जाते.

दिवस लहान होतात तेव्हा

विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन सुमारे 43 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या मध्यावर दिवस जवळजवळ 15 तास 20 मिनिटांचा असतो आणि डिसेंबरमध्ये तो नऊ तासांवर येतो. नागपूरला हाच फरक अडीच तासांच्या आसपास असतो. एखाद्या वर्षी थंडी लवकर पडेल, एखाद्या वर्षी उशिरा. पण 15 सप्टेंबरचा दिवस दरवर्षी तेवढ्याच लांबीचा असतो. हरणाचे शरीर या सर्वांत भरवशाच्या खुणेवर चालते.

डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाची खबर मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीपर्यंत पोहोचते. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन नावाचे संप्रेरक सोडते. रात्र जितकी लांब, तितका वेळ मेलाटोनिन रक्तात राहते, आणि मेंदू त्यावरून ऋतू ओळखतो. शेवंतीच्या मळेवाल्यांना हे तंत्र ठाऊक आहे. दिवस आखडले की शेवंतीला कळी धरते. फूल उशिरा हवे असेल तर ते मळ्यात रात्री दिवे लावतात आणि झाडाला रात्र लांबल्याचे कळूच देत नाहीत. हरणातही रात्री लांबू लागल्या की नराच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन चढू लागते आणि काही आठवड्यांनी माद्या माजावर येतात.

हे प्रयोगानेही सिद्ध झाले आहे. ब्राउन विद्यापीठातले रिचर्ड गॉस यांनी सिका जातीची हरणे कृत्रिम प्रकाशात ठेवून दिवसाच्या लांबीचे चक्र बदलले. वर्षभरात होणारे बदल त्यांनी काही महिन्यांत उरकले, तेव्हा हरणांनी वर्षात एकापेक्षा जास्त वेळा शिंगे टाकली आणि नवी उगवली. दिवस-रात्र सतत बारा-बारा तासांची ठेवली, तेव्हा शिंगांचे चक्रच अडले. निसर्गातली साक्षही तितकीच स्पष्ट आहे. 1905 मध्ये अमेरिकेतून न्यूझीलंडला नेऊन सोडलेल्या व्हाइटटेलचे वंशज आज एप्रिल-मे महिन्यांत माजावर येतात, कारण दक्षिण गोलार्धात दिवस तेव्हा लहान होत असतात.

नोव्हेंबरच का?

मादीचा गर्भकाळ साधारण 200 दिवसांचा असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून 200 दिवस मोजले की जूनची सुरुवात येते. बर्फ वितळून गेलेला असतो, रानात कोवळा पाला फुटलेला असतो आणि दूध पाजणाऱ्या मादीला पोटभर चारा मिळतो. पाडस मार्चमध्ये जन्मले तर गारठून मरेल. ऑगस्टमध्ये जन्मले तर थंडी येईपर्यंत त्याच्या अंगावर पुरेशी चरबी चढणार नाही. शेकडो पिढ्यांत चुकीच्या वेळी जन्मलेली पाडसे मागे पडत गेली आणि योग्य वेळी माजावर येणाऱ्या माद्यांचा वंश टिकला. शिवाय बहुतेक पाडसे दोन-तीन आठवड्यांच्या काळात जन्मतात, त्यामुळे अस्वले आणि कोयोटी यांनी कितीही ताव मारला तरी सगळी त्यांच्या तावडीत सापडत नाहीत.

ताडोबा किंवा पेंचला गेलेल्यांनी मात्र वेगळेच पाहिलेले असते. चितळांच्या एकाच कळपात एका नराची शिंगे मखमलीत असतात, दुसऱ्याची पक्की झालेली, तर तिसऱ्याने नुकतीच टाकलेली. चितळांचा माज उन्हाळ्याच्या सुमारास जोरात असला तरी पाडसे वर्षभर कधीही दिसू शकतात. उष्ण कटिबंधात चुकीच्या महिन्यात जन्मल्याची शिक्षा इतकी कठोर नाही, म्हणून वेळापत्रकही इतके काटेकोर नाही. 1930 च्या दशकात हेच चितळ अमेरिकेत टेक्ससमध्ये नेऊन सोडले गेले. आज तिथे एकाच कुरणावर दोन्ही जाती चरतात. व्हाइटटेलचे नर ठरल्या वेळी शरदात माजतात. चितळाचे नर मात्र बाराही महिने शिंगांच्या वेगवेगळ्या अवस्थांत आढळतात. हवामान एकच, जमीन एकच. घड्याळ मात्र प्रत्येकाने आपल्या मूळ मुलखातून आणलेले.

आता थंडीचा प्रश्न. गाड्यांखाली मेलेल्या माद्यांच्या पोटातला गर्भ मोजून गर्भधारणा कधी झाली हे मागे जाऊन काढता येते. 1940 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात असे काम झाले आणि नंतर अनेक राज्यांत झाले. उत्तरेकडच्या राज्यांत दरवर्षी तारखा जवळपास त्याच येतात, नोव्हेंबरच्या मध्याच्या आगेमागे. त्या चंद्रकलांशी ताडून पाहिल्या गेल्या. मेळ बसला नाही.

मग उबदार नोव्हेंबरमध्ये हरणे दिसत नाहीत, हा शिकाऱ्यांचा अनुभव खोटा का? नाही, अनुभव खराच आहे. हरणाने तोवर हिवाळी केस धारण केलेले असतात. आतली लव दाट असते आणि वरचे केस पोकळ, हवा कोंडून धरणारे. 15 अंश तापमानातही त्या आवरणात धावपळ करणे जड जाते, म्हणून नर दिवसा पडून राहतात आणि मादीमागचे धावणे रात्री उरकतात. माज वेळेवरच आलेला असतो. तो अंधारात गेलेला असतो, इतकेच.

शिंगांचा हिशेब

गाई-म्हशींची शिंगे आयुष्यभराची असतात. हरणाचा नर ती दरवर्षी टाकतो आणि नवी उगवतो. ही शिंगे शुद्ध हाडाची असतात आणि सस्तन प्राण्यांमध्ये इतक्या वेगाने वाढणारे हाड दुसरे नाही. एप्रिलपासून ती मखमली त्वचेखाली वाढतात. त्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. वाढीचा जोर इतका असतो की रोजचा चारा पुरत नाही. नर आपल्या फासळ्यांसारख्या हाडांमधले खनिज उसने घेतो आणि नंतर ते हळूहळू भरून काढतो.

ऑगस्टअखेर टेस्टोस्टेरॉन चढू लागते, तसे शिंगांचे हाड पक्के होते, रक्तपुरवठा थांबतो, मखमल वाळते आणि नर झुडपांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. त्याच सुमारास उन्हाळ्यातली दोस्ती संपते. मे ते ऑगस्ट हे नर एकत्र राहू शकले, कारण त्यांच्या रक्तात भांडायला लावणारे रसायन कमी होते आणि मऊ शिंगांना इजा झाली तर वर्ष वाया गेले असते. सप्टेंबरमध्ये पाच जणांची टोळी फुटते आणि प्रत्येक जण वेगळ्या वाटेने जातो. बांधावरच्या शेतकऱ्याला पडलेल्या कोड्याचा पहिला उलगडा इथे होतो: पाच नर एकत्र येत होते ते शेतच आता त्यांच्या एकत्र येण्याची जागा उरलेले नसते.

माजाचा काळ सरल्यावर टेस्टोस्टेरॉन घसरते, शिंगाच्या बुडाशी हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान शिंगे गळून पडतात.

जेवणाची जागा बदलते

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोयाबीनची पाने पिवळी पडतात आणि हरणाला त्यात गोडी उरत नाही. नेमक्या याच वेळी रानात ओक वृक्षांची फळे गळू लागतात. या ॲकॉर्नमध्ये पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असतात, आणि हिवाळ्यासाठी चरबी साठवायची हीच घटका असते. व्हाइट ओकच्या फळात टॅनिन, म्हणजे तुरटपणा, कमी असतो. ती गळली की हरणे आधी तिकडे धावतात. रेड ओकचे फळ पिकायला दोन वर्षे लागतात आणि ते अधिक तुरट असते. त्यांची पाळी नंतर येते. काही वर्षी ओक लदबदून फळतात, काही वर्षी फळ दुर्मीळ. रान फळले तर हरणे शेताकडे येतच नाहीत, ओक रिकामे राहिले तर शेताला चिकटून राहतात. गेल्या वर्षीच्या जागेवर यंदा मचाण बांधणाऱ्याचा अंदाज चुकतो तो बहुधा इथे. जाणकार शिकारी सप्टेंबरमध्येच दुर्बीण घेऊन ओकचे शेंडे बघतात, आणि ही सवय अगदी योग्य आहे.

मक्याचेही तसेच. उभा मका म्हणजे अन्न आणि आडोसा एकाच ठिकाणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणीयंत्र फिरले की एका दिवसात शेकडो एकर आडोसा नाहीसा होतो आणि त्यात राहणारी हरणे जवळच्या झाडीत शिरतात.

ऑक्टोबरच्या मध्यावर हरणे थंडावतात, अशी शिकाऱ्यांची पक्की समजूत आहे. गळ्यात जीपीएस पट्टे घातलेल्या हरणांच्या नोंदी वेगळे सांगतात: या महिन्यात नरांची भटकंती वाढत जाते. हरणे फिरत असतातच, पण शेतातून ओकच्या रानात गेलेली असतात, आणि शिकारी मात्र शेतावर नजर लावून बसलेला असतो.

वास आणि वारा

माज जवळ आला की नर खुरांनी जमीन उकरून, त्यावर मूत्र सोडून आणि वरच्या फांदीला कपाळ व डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासून जाहीर फलक लावतो. मागच्या पायांच्या आतल्या बाजूची ग्रंथी यात सर्वांत उग्र. मादी माजावर आहे की नाही हे नर वरचा ओठ उचलून, टाळूतल्या खास इंद्रियाने ओळखतो. मादी एक-दोन दिवसच माजावर असते आणि त्या वेळी गर्भ राहिला नाही तर सुमारे 28 दिवसांनी पुन्हा येते. इतक्या थोड्या वेळात तिला गाठायचे, म्हणून नर खाणेपिणे विसरून भटकतो. एरवी दोन-तीन चौरस किलोमीटरमध्ये राहणारा प्राणी कित्येक किलोमीटर दूर जाऊन येतो आणि माजाअखेर त्याचे वजन एक पंचमांश ते एक चतुर्थांश घटलेले असते. अमेरिकेत गाड्यांना हरणे धडकण्याचे प्रमाण नोव्हेंबरमध्येच सर्वाधिक असते.

असे हे नाक शिकाऱ्यालाही सोडत नाही. डोंगराळ भागात सकाळी ऊन लागले की हवा तापून उताराने वर चढते. संध्याकाळी थंड हवा जड होऊन दरीत उतरते. नर बहुधा कड्याच्या वरच्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला बसतो. पाठीमागून येणारा वारा माथ्यापलीकडचा वास आणतो, खालून चढणारी हवा दरीतला. सकाळी दरीत बसलेल्या शिकाऱ्याचा गंध तासाभरात त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि संध्याकाळी माथ्यावर बसलेल्याचा खाली जातो. म्हणून मुरलेला शिकारी सकाळी वर आणि संध्याकाळी खाली जागा धरतो.

> चौकट: भडक केशरी जाकीट हरणाला दिसत नाही का?
> विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याने झगझगीत केशरी कपडे घालणे सक्तीचे आहे. 2016 पासून झगझगीत गुलाबीही चालतो. हेतू एकच, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. जॉर्जिया विद्यापीठातल्या अभ्यासांतून दिसले की लांब लहरींचे तांबडे-केशरी रंग हरणाला नीट वेगळे कळत नाहीत, निळा मात्र ठळक दिसतो. त्यामुळे केशरी जाकिटापेक्षा निळी जीन्स अधिक घातक. हालचाल तर हरीण कुठल्याही रंगात टिपते.

हंगाम उशिरा, हरीण सावध

आता नोव्हेंबरच्या कोड्याचे पूर्ण उत्तर मिळते. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाची शिकार सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, त्यामुळे माजाचा भर बाणवाल्यांच्या वाट्याला येतो. बंदुकीचा हंगाम 17 ते 23 नोव्हेंबरच्या दरम्यान उघडतो, तोवर भर ओसरू लागलेला असतो. अनेक माद्या गाभण झालेल्या असतात. काही नर एकेका मादीला घेऊन एखाद्या ओढ्याकाठच्या गचपणात दिवसभर थांबलेले असतात, तर काही दमून पडलेले. त्यातच साडेपाच लाख माणसे एकाच पहाटे रानात शिरतात. हरणे दाट झाडीत, दलदलीत, माणसाने न तुडवलेल्या कोपऱ्यांत सरकतात आणि हालचाल रात्रीवर नेतात. ऑगस्टमधले पाच नर बहुधा दोन-तीन किलोमीटरच्या आतच असतात, सोयाबीनच्या शेताकडे पाठ करून.

बर्फातली छावणी

उत्तरेला मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुला भागात सुपीरियर सरोवरावरून येणारे वारे प्रचंड बर्फ टाकतात. किविनॉ द्वीपकल्पावर एका हिवाळ्यात पाच मीटरहून अधिक हिमवर्षाव होतो. बर्फाची जाडी 45 सेंटिमीटरच्या पुढे गेली की हरणाच्या पोटाला बर्फ लागू लागतो आणि चालणे महाग पडते. तेव्हा हरणे सीडर आणि हेमलॉकच्या दाट, सदाहरित रानात गोळा होतात. वरचा पालव बर्फ अडवतो, वारा अडतो, रात्रीची ऊबही थोडी टिकते. अनेक हरणे एकत्र चालून वाटा तुडवतात, म्हणून त्या मोकळ्या राहतात. काही हरणे या आसऱ्यासाठी तीस किलोमीटरहून अधिक चालत येतात, आणि ही वाट पाडसे आईच्या मागून शिकतात.

हिवाळ्यात शरीर खर्च आटोपते घेते. हरीण कमी हलते आणि भूकही मंदावते. पिंजऱ्यात मुबलक खाद्य असले तरी ते कमीच खाते. पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव तोवर काटक्या आणि कळ्या पचवायला सरावलेले असतात. अशा वेळी दयेपोटी कुणी मक्याचे ढीग टाकले, तर पिष्टमय दाण्यांनी पोटात आम्ल वेगाने वाढते आणि भरल्या पोटी हरीण मरते. गुरांच्या डॉक्टरांना हा आजार चांगला परिचित आहे. बर्फात कुडकुडणाऱ्या हरणाला खाऊ घालावेसे वाटणे स्वाभाविकच, पण त्याच्या भल्यासाठी हात आवरायला हवा. सीडरचे रान राखणे, हीच खरी मदत.

पण हरणे फार झाली तर हे रानही उरत नाही. ती सीडरची रोपे डोके वर काढण्याआधीच खाऊन टाकतात. वन्यजीव व्यवस्थापनाचा पाया घालणारे आल्डो लिओपोल्ड हे विस्कॉन्सिनमध्ये 1940 च्या दशकात कळकळीने सांगत होते: फक्त नर मारून संख्या घटत नाही, माद्याही मारल्या पाहिजेत. 1943 मध्ये माद्यांच्या शिकारीला परवानगी मिळाली आणि राज्यभर संतापाचा भडका उडाला. लिओपोल्ड टीकेचे धनी झाले, तरी ते मागे हटले नाहीत, आणि त्यांचे म्हणणे आज धोरणात मुरले आहे.

आता विस्कॉन्सिनचे नैसर्गिक संसाधन खाते 1 डिसेंबर ते 30 एप्रिल या काळात हिवाळ्याची तीव्रता मोजते. जमिनीवर 18 इंच किंवा अधिक बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण, तापमान शून्य फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे 18 सेल्सियसच्या खाली गेलेल्या प्रत्येक दिवसाला आणखी एक. बेरीज 50 च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, शंभरच्या वर गेली तर अतिकडक. कडक हिवाळ्यात आधी दुबळी पाडसे मरतात आणि वाचलेल्या माद्या अशक्त पाडसांना जन्म देतात. म्हणून पुढच्या शरदात उत्तरेकडच्या प्रत्येक काउंटीत माद्यांच्या शिकारीचे किती परवाने द्यायचे, हे ठरवताना ही बेरीज समोर ठेवली जाते. ऑगस्टमध्ये शेताच्या कडेला किती पाडसे आयांमागे दिसतात, याच्या नोंदीही नागरिकांकडून मागवल्या जातात.